शेवटच्या टप्प्याचं लेबल

रांगवाल्या बाई कुठल्याही रांगेत पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या, तर ते नवलच समजायचं. दवाखाना असो, बँक असो, कोपऱ्यावरचं दुकान असो. बाई आधी मान उंच करून पुढची सगळी माणसं न्याहाळणार, मग वळून मागची न्याहाळणार, आणि मग कामाला लागणार. "अहो, तुमचं नुसतं सहीचं काम आहे ना? मग या कडेवर पोर घेतलेल्या बाईंना जाऊ द्या की पुढे. किती वेळ कळ काढायची त्या पोराने?" बहुतेक माणसं ओशाळून बाजूला व्हायची. एखादा खट निघायचा आणि "तुम्ही कोण हो सांगणाऱ्या?" म्हणून अंगावर यायचा. मग काय विचारता! बाईंचा राग नाकावरच ठेवलेला. अशा वेळी त्यांचा नवरा दुकानाबाहेर जाऊन आभाळ बघत उभा राहायचा, जसं काही या बाईंची न् आपली ओळखदेखील नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. दुसऱ्यासाठी सगळ्या गावाशी भांडणारी ही बाई स्वतःसाठी कधी कुणाच्या पुढे घुसली नाही. एकदा दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजलेला, तरी दाताच्या डॉक्टरांकडे आपला नंबर येईपर्यंत बसून राहिल्या. नवरा चिडला तर त्यालाच गप्प केलं, तेही तोंड न उघडता.

नशिबाने कामही असंच मिळालं होतं. बाई नेटवर्कच्या कंपनीत. शहर, भोवतालची गावं, पार डोंगरावरच्या वस्त्या या कंपनीने तारांनी आणि टॉवरांनी जोडलेल्या आहेत. या जाळ्यातून जे काही वाहतं, म्हणजे कुणाचं फोनवरचं बोलणं, कुणाची फाईल, कुणाचा सिनेमा, त्या सगळ्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. पॅकेट कंपनीच्या दारात शिरलं की पहिला राउटर, म्हणजे वाट दाखवणारं यंत्र, त्याला एक लेबल चिकटवतो. लेबलवर दोन गोष्टी असतात: जायचं कुठे, आणि वर्ग कुठला. मधले राउटर पॅकेट उघडून आत काय आहे ते बघत बसत नाहीत, तेवढी सवड आहे कुणाला! ते लेबल बघतात आणि पुढे ढकलतात. वाट मोकळी असली तर वर्गाला कुणी विचारत नाही. वाट तुंबली, की पहिल्या वर्गाची पॅकेटं आधी, बाकीची मागे, आणि अगदीच गळ्याशी आलं तर शेवटच्या वर्गातली सरळ टाकून द्यायची. कुठल्या पॅकेटला कुठला वर्ग, हे राउटरांना शिकवून ठेवायचं काम बाईंचं. म्हणून त्या रांगवाल्या बाई. त्यांचं खरं नाव ऑफिसात फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं.

कंपनीत एक नियम होता: पहिला वर्ग फक्त आवाजाचा. फाईल दोन क्षण उशिरा पोचली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण बोलण्यातला शब्द मध्येच गळला तर समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसतो. म्हणून बोलणं आधी. आणि व्हिडिओ? व्हिडिओ मागे. नियम बाईंना मनापासून पटलेला होता. त्या नियमाला पहिला सुरुंग लावला तो घरातल्याच माणसाने.

तो म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी गावातल्या शाळेत त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, मास्तरांनी दोन महिने पाहिलं आणि आईला बोलावून सांगितलं, पोरगा मंद आहे. आई घरी येऊन पदर तोंडात धरून रडली. पुढे लांबच्या एका वसतिगृहात त्याला हातांची भाषा मिळाली, आणि हातांना जी वाचा फुटली म्हणता, ती आजतागायत थांबायचं नाव नाही. घरातला सगळ्यात बडबड्या माणूस तो. जेवताना बोलायला हात रिकामे हवेत म्हणून दोन घासांत जेवण उरकणारा. कुणाची नक्कल करायला लागला की आई हसून हसून डोळे पुसायची. त्याच्याशी बोलता यावं म्हणून बाई ती भाषा शिकल्या, तो म्हणायचा, "ताई, तुझे हात म्हणजे दोन म्हाताऱ्या. चालतात, पण बसत बसत."

तो बहिऱ्या मुलांना शिकवायचा. शिक्षण खात्याने नवीन प्रयोग काढला. डोंगरावरच्या वस्तीत एक सात वर्षांची बहिरी मुलगी होती. एका मुलीसाठी तिथे जाऊन राहायला शिक्षक कोण तयार होणार? आणि मुलीला आई नाही, बाप दगडाच्या खाणीवर कामाला. तो तिला लांबच्या वसतिगृहात पाठवायला राजी नव्हता. तेव्हा असं ठरलं की रोज दुपारी एक तास धाकट्याने पडद्यावरून तिला शिकवायचं. बाईंच्या घरातली मागची खोली मिळाली, भिंतीवर निळी चादर ठोकली, कॅमेरा लावला, झाली शाळा. मुलीचा पुढचा दात पडलेला. धाकट्याने पहिल्याच दिवशी त्या दाताच्या जागी बोट ठेवून तिचं नाव पाडलं: खिडकी.

आता व्हिडिओ मागच्या वर्गात आणि डोंगरावर जाणारी शेवटची वाट अरुंद. बाईंना दिसत होतं की हे काही खरं नाही. या व्हिडिओतले हात म्हणजेच बोलणं. त्याला पहिला वर्ग मिळायला हवा. पण भाऊ स्वतःचा! सख्ख्या भावाला रांगेत पुढे घ्यायचं म्हणजे जन्मभर जे बोललो ते सगळं बुडालं. बाई आठवडाभर साहेबांच्या केबिनपर्यंत जायच्या आणि पाणी पिऊन परत यायच्या. शेवटी साहेबांनीच हाक मारली.

"काय भानगड आहे? बोला तरी."

बाईंनी सांगितलं. साहेब हसायला लागले. "कमाल आहे तुमची. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर आत्तापर्यंत माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्यात. द्या पहिला वर्ग. हातांनी असलं तरी बोलणं ते बोलणंच."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी त्यांनी कामाला हात घातला. शहराकडच्या पहिल्या राउटरला शिकवलं: या खोलीतल्या कॅमेऱ्याचं पॅकेट आलं की त्याच्या लेबलवर पहिला वर्ग लिही. वरच्या टॉवरच्या राउटरला शाळेतल्या कॅमेऱ्याबद्दल तेच शिकवलं. पॅकेटच्या आत गिऱ्हाईकाची स्वतःची जी खूण असते तिला मात्र हात लावला नाही, कारण कंपनीचा दंडक तसा होता: लेबल आपलं, आतलं सामान त्यांचं. मग वाटेतला एकेक राउटर उघडून बघितला. सगळीकडे पॅकेटं पहिल्या रांगेतून सुळसुळ चाललेली. बाईंनी समाधानाने चहा मागवला.

आणि तरीही खिडकी काही शिकेना.

धाकट्याला तिचं चित्र काचेसारखं स्वच्छ दिसायचं. गालावरचा ओरखडासुद्धा दिसायचा. पण पोरगी नुसती टक लावून बघत बसायची. त्याने 'पाणी' दाखवलं तर ती हात उचलायची, मध्येच हवेत थांबवायची, पुतळ्यासारखी, आणि मग एकदम झटका देऊन भलतीकडेच न्यायची. 'झाड' दाखवलं तरी तसंच. महिना गेला, दुसरा सरत आला. भांडं, कुत्रा, भाकरी असे चार-पाच शब्द कसेबसे जमले, पुढे गाडी सरकेना. धाकट्याने चित्रं दाखवली, बाहुल्या नाचवल्या, स्वतः कुत्रा होऊन जमिनीवर रांगला. शेवटी त्याने हात टेकले.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, लाईन ठीक आहे ना?"

बाईंना असला प्रश्न म्हणजे कुणीतरी त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं. "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे," त्यांनी ठसक्यात हात उडवले. "तुला दिसतं ना ती नीट?"

"दिसते. मग तिच्यातच काहीतरी कमी आहे. शाळेला तसं कळवलं मी. महिनाअखेरीला तपासणीस बाई येणार आहेत. तिला जमत नाही असं दिसलं तर हा तास बंद करतील."

"बंद झाला तर?"

"तर काय! दुसरा तास कुठला आहे तिला? राहील तशीच."

तशीच म्हणजे कशी, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. नाव घेऊन हाक मारता न येणारी, भूक लागली तर बोट दाखवणारी, दुखलं तर नुसती ओरडणारी.

शनिवारी बाईंना सुट्टी. दुपारी मटार सोलायला म्हणून त्या मागच्या खोलीत कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसल्या. तास चालू होता. धाकटा 'पाऊस' दाखवत होता, दोन्ही हातांची बोटं वरून खाली झरझर आणत. पडद्यावर खिडकीने हात वर नेले, अर्ध्यावर आणले, थांबवले. थांबवले म्हणजे काय, गोठवले! बोटं फाकलेली तशीच, डोळेसुद्धा न मिटता. मग एकदम हात मांडीवर आदळले.

धाकट्याने निराश होऊन मान हलवली. बाईंच्या हातातली शेंग मात्र हातातच राहिली. असा गोठलेला हात त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, पण माणसाचा नव्हे, पडद्यावरचा. पॅकेटं वाटेत गळली की चित्र असंच थिजतं आणि मग असंच उडी मारतं.

"पुन्हा दाखव," त्या म्हणाल्या. "तेच. जरासुद्धा बदलू नकोस."

त्याने पुन्हा 'पाऊस' पाडला. खिडकीने पुन्हा केलं. पण या वेळी हात वरच थांबले, अगदी सुरुवातीला, आणि खाली येताना कुठेच अडले नाहीत. तिसऱ्यांदा दाखवलं तर दोनदा अडले. पोरगी विसरत असती, चुकत असती, तर चूक एकाच जागी झाली असती. इथे तर दर खेपेला जागा नवीन.

बाई ताडकन उठल्या. मटार खोलीभर सांडले. "अरे, ती चुकत नाहीये! ती तुझी हुबेहूब नक्कल करतेय. तू जसा दिसतोस तसंच करतेय ती. तिला तू असाच दिसतोस, अडकत अडकत. तिला वाटतंय भाषाच अशी आहे!"

धाकटा बहिणीच्या हातांकडे बघत राहिला. मग पडद्याकडे. खिडकी पुढचा शब्द येण्याची वाट बघत शहाण्यासारखी बसली होती. धाकट्याचा चेहरा पार उतरला. मास्तर जे त्याच्याबद्दल बोलले होते, तेच त्याने या पोरीबद्दल शाळेला कळवलं होतं. तो खाली बसला आणि तोंड हातांत लपवून रडला. बहिऱ्या माणसाने हातांनी तोंड झाकलं की त्याला काही सांगताही येत नाही आणि तो काही बोलतही नाही. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनाही स्वतःचा भयंकर संताप आला होता. आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे म्हणे!

त्यांनी लगेच डोंगरावरच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला. "अहो बाई, तुमच्या पडद्यावर शिक्षक मध्येमध्ये थांबलेले दिसतात का?"

"दिसतात की," पलीकडून आवाज आला, खणखणीत, एक शब्द इकडचा तिकडे न होता. "रोजच. पण मला वाटलं हातांची भाषा अशीच असते, थांबून थांबून. आणि तासाला आवाज नसतो, त्यामुळे मी आपली वह्या तपासत बसते."

बाईंनी कपाळाला हात लावला.

सोमवारी ऑफिसात शिरल्या त्या थेट खुर्चीवर. सगळे राउटर पुन्हा उघडले. पहिला ठीक, मधले ठीक, शेवटून दुसऱ्यापर्यंत सगळं ठीक. आधीही त्या इथपर्यंतच बघून थांबल्या होत्या. पुढे फक्त एक टप्पा, डोंगराखालच्या राउटरपासून वरच्या टॉवरपर्यंत, त्यात काय बिघडणार? आता त्यांनी त्या टप्प्यावर निघणारी रांग उघडली. पहिल्या वर्गात फोनची पॅकेटं होती. धाकट्याचं त्यात एकही नव्हतं. सगळी आपली मागच्या रांगेत, कुणाच्या तरी सिनेमाच्या पाठीमागे, धक्के खात उभी आणि गर्दी झाली की गळून पडणारी.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मग त्या स्वतःलाच अशा काही बोलल्या की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून गेला. या जाळ्यांची एक जुनी चाल आहे. लेबल शेवटच्या राउटरपर्यंत नेतच नाहीत. शेवटून दुसरा राउटरच ते सोलून टाकतो, का, तर शेवटच्याला तेवढेच कष्ट कमी. एरवी ही मेहेरबानी कुणाच्या लक्षातही येत नाही. फोनची यंत्रं पॅकेटच्या आतही आपली खूण घालून पाठवतात, त्यामुळे लेबल गेलं तरी त्यांचा मान टिकतो. पण धाकट्याचा तो साधा कॅमेरा! आत कसलीच खूण नाही. त्याचा सगळा वर्ग त्या लेबलवर, आणि लेबल उतरलं नेमकं सगळ्यात अरुंद वाटेच्या तोंडाशी. खिडकीकडून येताना अरुंद टप्पा आधी लागतो, तिथे लेबल शाबूत. म्हणून ती इकडे काचेसारखी स्वच्छ.

"साहेब, मला वरच्या टॉवरचा राउटर बदलायचाय," बाई केबिनमध्ये न विचारताच घुसल्या. "त्याने खालच्याला सांगायचं, बाबा रे, लेबल काढू नकोस. पत्ता कोरा राहू दे, पण वर्ग लिहिलेला असू दे. कोरं तर कोरं, लेबल माझ्या दारापर्यंत आलं पाहिजे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एका कॅमेऱ्यासाठी? आणि तो राउटर बसला तर अख्खा डोंगर बंद पडेल. दवाखाना आहे वर. रस्ता कसला आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आधी इथल्या दोन राउटरवर हेच करून दाखवते तुम्हाला. ते पटलं तर इथूनच वरचा बदलते. सकाळी, वर कुणी उठायच्या आत. आणि काही बिघडलं तर तो आपोआप जुन्यावर येईल असा गजर लावून मगच हात घालते."

"आणि तरी बसला तर?"

"तर मी चालत जाईन डोंगरावर. तुमची गाडी नको मला."

"चालत नको. गाडी घ्या," साहेब म्हणाले, "पण आधी इथे करून दाखवा."

इथे जमलं. दोन दिवसांनी, सूर्य नुकता वर येत असताना बाई पडद्यासमोर बसल्या. साहेबही आले होते, न बोलावता, दोन कप चहा घेऊन. बाईंनी गजर लावला. आज्ञा लिहिली, दोनदा वाचली, पाठवली. आणि वरचा राउटर गप्प झाला. एक नाही न् दोन नाही. दवाखाना, फोन, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. साहेबांनी कप ओठाला लावलेला तसाच राहिला. मग दोन्ही राउटरांनी एकमेकांशी नव्याने ओळख करून घेतली आणि पडदा पुन्हा बोलू लागला. बाईंनी आधी गजर बंद केला, मग काम पक्कं केलं, आणि मग घरी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "त्याला कॅमेऱ्यासमोर उभं कर. नुसते हात हलव म्हणावं." शेवटच्या टप्प्यावर, पहिल्या रांगेत, धाकट्याची पॅकेटं चढायला लागली.

"चाललेत की हो," साहेब म्हणाले.

बाईंनी मान हलवली.

त्या दुपारच्या तासाला खिडकीने पहिली पाच मिनिटं काहीच केलं नाही. धाकट्याचे हात कुठेही न अडता झुळझुळ वाहताना तिने पहिल्यांदाच पाहिले होते. ती पडद्याजवळ आली, काचेवर हात ठेवून बघितला. मग मागे गेली आणि 'पाऊस' पाडला. अस्सा पाडला की काही विचारू नका! त्यानंतर उपाशी माणूस पानावर बसावा तशी ती शब्दांवर बसली. पाणी, आग, दगड, पळ, पड, माझं, तुझं. धाकट्याला आता तास पुरेना. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खिडकीच्या गोष्टी सांगायचा, ज्यांना हातांची भाषा येत नाही त्यांनासुद्धा. शाळेला त्याने कळवलं: माझं चुकलं, मुलगी हुशार आहे. पण तपासणीस बाई यायच्या त्या आल्याच. खात्यात कागद एकदा निघाला की निघाला.

त्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि घरी मागच्या खोलीत भावाजवळ बसल्या. हातांचं बोलणं तपासणीस बाईंना तोंडी सांगायला कुणीतरी हवंच होतं. डोंगरावरच्या शाळेत पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या: मुख्याध्यापिका, तपासणीस बाई, आणि दाराशी, खुर्ची असूनही उभा, खिडकीचा बाप. काम सोडून तो तासाला पहिल्यांदाच आला होता. धुऊन घातलेला सदरा, केसांत मात्र दगडाची भुकटी तशीच. हाताची घडी घालून उभा होता, निकाल ऐकायला आल्यासारखा.

तपासणीस बाईंनी चित्रं दाखवली, खिडकीने नावं सांगितली. बरोबर, बरोबर, बरोबर. "पाठांतर चांगलं आहे," तपासणीस बाई म्हणाल्या. "पण स्वतःहून काही बोलते का ही?"

बाईंनी ते हातांनी सांगितलं आणि धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःहून बोल, असं सांगून कुणी बोलतं का! त्याने विचारलं, "तुला काही सांगायचंय?" खिडकीने मान हलवली. नाही. बाईंनी नकळत भावाचा शर्ट मागून मुठीत धरला.

खिडकी खुर्चीवरून उतरली होती. तिची नजर सारखी दाराकडे जात होती. शाळेत, या वेळेला, बाबा? तिने बापाकडे बोट केलं, मग पडद्याकडे वळली. हात हळू उचलले. कालच शिकलेला शब्द तिने आठवून, जुळवून पाहिला.

"बाबा. रोज. जातो." ती थांबली, या वेळी लाईन नव्हती अडली, ती स्वतः विचार करत होती. "कुठे?"

बाईंनी ते तोंडाने सांगितलं. "ती विचारतेय... बाबा रोज कुठे जातात?"

दाराशी उभ्या बापाने आधी मागे वळून पाहिलं, प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखं. "खाणीवर जातो," तो म्हणाला. "तिला... तिला ठाऊक नव्हतं?"

कसं ठाऊक असणार? रोज सकाळी बाप दार ओढून निघून जायचा. कुठे, का, परत येणार की नाही, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं, आणि तिला विचारता येत नव्हतं. "ती संध्याकाळपर्यंत दारात बसते," बाप हळूच म्हणाला. "मी म्हणायचो, सवयच आहे तिची."

तपासणीस बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हा तास चालू राहील," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं.

पण बापाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पडद्यासमोर आला होता, अगदी जवळ, आणि बाईंच्या आवाजाला की धाकट्याच्या चेहऱ्याला, कुणाला विचारतोय हे त्याचं त्यालाही कळत नसावं. "हे तिला सांगायचं कसं? मला दाखवा. मी सांगतो."

धाकट्याने हळूहळू दाखवलं. दगड. फोडतो. संध्याकाळी. परत येतो. बाप आयुष्यभर दगड फोडायचा घण उचललेले हात वर घेऊन उभा राहिला, आणि मग लेकीकडे वळला. दगड. फोडतो. त्याची बोटं जाड, सांधे आखडलेले. संध्याकाळी. 'परत येतो' करताना अंगठा भलतीकडे गेला.

खिडकीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. अंगठा सरळ केला, बोटं नीट जुळवली, आणि बापाचा हात त्याच्याच छातीशी आणून टेकवला. मग एक पाऊल मागे सरकून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"पुन्हा," ती म्हणाली.